‘रन’ म्हणजे धांवणेंच काय?

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकांत जे शब्द मुलांस अगदीं आरंभीं भेटतात, त्यांत ‘रन’ हा एक आहे. इंग्रजी अक्षरें तीन, उच्चार सोपा, आणि शेजारीं बहुधा धांवणाऱ्या मुलाचें चित्र. विद्यार्थी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढतो, डावीकडे इंग्रजी शब्द लिहितो, उजवीकडे ‘धांवणें’ असें लिहितो आणि मोकळा होतो. शब्द पाठ झाला, गुरुजींची खूणही पडली. पुढें दोन-तीन इयत्ता वर चढल्यावर एका धड्यांत त्याला वाक्य लागतें कीं, अमुक गृहस्थ कापडाचें दुकान ‘रन’ करतो. तो वहींतला अर्थ काढून भाषांतर करतो, ‘तो गृहस्थ कापडाचें दुकान धांवतो.’ वर्ग हसतो. खालच्या ओळींत कोणाचें तरी नाक ‘रन’ करीत असतें. पुढच्या पानावर नदी ‘रन’ करते, रस्ता ‘रन’ करतो, आणि जागची तसूभर न हालणारी दगडी भिंतही बागेच्या कडेनें ‘रन’ करते. इंग्रजांच्या देशांत एका ठिकाणीं स्वस्थ बसलेलें असें कांहींच नाहीं कीं काय, असें त्या बिचाऱ्यास वाटूं लागतें.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. पुष्कळ मुलांचें इंग्रजीवरील मन येथेंच उडतें. त्यांस वाटतें, आपली बुद्धि कमी आहे. वास्तविक अपुरी असते ती वहींतली उभी रेघ. एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द मांडला कीं भाषा आली, या समजुतीनें जेवढें नुकसान केलें आहे तेवढें अवघड व्याकरणानेंही केलें नसेल. इंग्रज मुलांचाही या शब्दावर एक जुना विनोद आहे. ज्याचें नाक धांवतें आणि पाय वास घेतात, तो मनुष्य घडवितांना उलटा घडविला गेला असावा, असें तीं मुलें म्हणतात. त्यांच्या भाषेंत वास घेणें व वास येणें या दोहोंसही एकच क्रियापद आहे, म्हणून ही गंमत. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्याही कानांस हा घोंटाळा जाणवतो. फरक एवढाच कीं, ते हसतात आणि मराठी मुलगा घाबरतो.

थोडें निरखून पाहिलें तर या घोंटाळ्यांत एक सूत्र सांपडतें. जेथें इंग्रज धांवतो तेथें मराठी माणूस बहुधा चालतो. इंग्रजाचें यंत्र धांवतें, मराठी माणसाचें यंत्र चालतें. दुकान, शाळा, कारखाना, मासिक, संसार, या सर्वांस इंग्रजींत धांवडवितात आणि मराठींत चालवितात. नाटक रंगभूमीवर शंभर रात्रीं टिकलें तर इंग्रजींत तें शंभर रात्रीं धांवलें. मराठींत तें चाललें, आणि न चाललें तर पडलें. पाण्याच्या बाबतींत मराठीनें वेगळें क्रियापद राखून ठेविलें आहे. नदी वाहते, नळ वाहतो, नाकही वाहतें. रस्ता जातो. कच्चा रंग धुण्यांत उतरतो. नजर कागदावरून फिरते. एखादा गुण घराण्यांत ‘रन’ करतो असें इंग्रज म्हणतो, तेव्हां तो गुण त्या घराच्या रक्तांतच आहे, असें आपल्याकडील म्हातारीं माणसें म्हणतात. म्हणजे एका ‘रन’च्या जागीं मराठींत निदान अर्धा डझन क्रियापदें हजर असतात, आणि जो तो आपापलें काम करतो.

यावरून मराठी भाषा नेमकी आणि इंग्रजी ढिसाळ, असा निकाल देऊन टाकण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा. ‘चालणें’ हा शब्दही कांहीं कमी भटका नाहीं. नाणें चालतें, हुकूम चालतो, श्वास चालतो, खटला चालतो, वयस्क माणसाचे हातपाय चालत असतात, भांडखोराचें तोंड चालतें आणि संकटांत बुद्धि चालत नाहीं. गाण्याला चाल असते, बुद्धिबळाच्या डावांतही चाल असते, आणि सैन्य शत्रूवर चाल करून जातें. नवा मराठी शिकलेला एखादा इंग्रज बाजारांत गेला आणि दुकानदारानें जरा फाटकी नोट पुढें करून ‘ही चालेल का?’ असें विचारलें, तर त्यानें नोटेचे पाय कोठें शोधावे? ‘लागणें’ या क्रियापदाची तर कथाच निराळी. भूक लागते, ठेंच लागते, आग लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, झाडाला आंबे लागतात. गाडी फलाटाला लागते आणि तींत बसलेल्याला गाडी लागते ती वेगळीच. एकजण दुसऱ्याचा मामा लागतो, आणि त्याच्या घरीं जावें लागतें. परक्यास हें शिकवूं पाहणाऱ्यासच कळतें कीं, स्वतःच्या भाषेंतले काटे स्वतःच्या पायांस बोंचत नाहींत.

खुद्द ‘धांव’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. विहिरीवर मोट ओढणारे बैल ज्या उतरत्या वाटेनें खालवर करीत तिला धांव म्हणत. आणि त्या धांवेवर बैल धांवत नसत, अगदीं सावकाश चालत. बैलगाडीच्या लांकडी चाकावर बसविलेल्या लोखंडी पट्टीसही धांव म्हणतात. भक्त देवाचा धांवा करतो, त्यांत धांवावयाचें असतें तें देवानें.

इंग्रजी शब्दाचें मूळ फार जुनें आहे. जुन्या इंग्रजींत या धातूचा अर्थ पायांनीं धांवणें असाही होता आणि पाण्यानें वाहणें असाही होता. जर्मन भाषेंत याचीं भावंडें अजून निरनिराळीं नांदत आहेत: ‘रेनेन’ म्हणजे धांवणें आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणें किंवा ठिबकणें. इंग्रजींत दोघांची चूल एक झाली. तेव्हां नाक ‘रन’ करतें यांत विद्यार्थ्यास जो चमत्कार वाटतो, तो वस्तुतः या शब्दाचा सर्वांत जुन्या अर्थांपैकीं एक आहे. दुकान ‘रन’ करणें हा मागाहून आलेला पाहुणा आहे.

या शब्दाचा पसारा किती, हें मोजण्याचा उद्योग इंग्रजांनीं चिकाटीनें केला. १८५७ सालीं लंडनच्या भाषाशास्त्र-मंडळापुढें इंग्रजीचा नवा, संपूर्ण कोश करण्याची कल्पना आली. त्याच वर्षीं मुंबईंत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति छापून बाहेर पडली. मराठीचा कोश असा हातांत आला. इंग्रजांच्या स्वतःच्या भाषेच्या कोशास मात्र आणखी एकाहत्तर वर्षें लागावयाचीं होतीं. या कोशाचा प्रमुख संपादक जेम्स मरे हा पेशानें शाळामास्तर होता. १८७९ सालीं हें काम त्यानें पत्करलें तेव्हां तो मिल हिल येथील शाळेंत शिकवीत असे, आणि शाळेच्या आवारांतच लोखंडी पत्र्याची एक खोली उभारून तींत त्यानें शब्दांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे रचले. पुढें ऑक्सफर्ड येथें बिऱ्हाड नेल्यावर तेथेंही घराच्या बागेंत त्यानें तसलीच खोली बांधली. देशोदेशींचे वाचक पुस्तकांतून वाक्यें उतरून घेऊन त्याच्याकडे पाठवीत. १९१५ सालीं मरे वारला. कोश पुरा झालेला त्यास पाहावयास मिळाला नाहीं. १९२८ सालीं काम संपलें तेव्हां ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणें त्यांत आलीं होतीं.

‘आर’ या अक्षराचा भाग विल्यम क्रेगी या संपादकाकडे होता, म्हणून ‘रन’ची पहिली झडती त्यानेंच घेतली. परंतु त्या आवृत्तींत सर्वांत जास्त जागा अडविण्याचा मान ‘सेट’ या दुसऱ्याच तीन अक्षरी शब्दाचा होता. १९८९ सालीं दुसरी आवृत्ति निघाली, तींतही ‘सेट’च पुढें, त्याच्या एकट्याच्या क्रियापदाचे ४३० अर्थ आणि त्यांच्या स्पष्टीकरणास सुमारें ६०,००० शब्द. त्यानंतर तिसऱ्या आवृत्तीचें काम सुरू झालें, तेव्हां हें आसन डळमळूं लागलें. २००० सालीं ‘मेक’नें आणि २००७ सालीं ‘पुट’नें त्यास मागें टाकलें, आणि २०११ सालीं ‘रन’ सर्वांच्या पुढें गेला. पीटर गिलिव्हर नांवाच्या कोशकारानें या एका शब्दापायीं सुमारें नऊ महिने खर्चीं घातले. एकट्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. आतां अर्थ मोजणें हें पायलीनें धान्य मोजण्यासारखें नव्हे. दोन छटा एकत्र बांधाव्या कीं वेगळ्या कराव्या, हें शेवटीं कोशकाराच्या मर्जीवर असतें, त्यामुळें ६४५ हा आंकडा वेदवाक्य मानण्याचें कारण नाहीं. पण नऊ महिने खरे आहेत.

‘सेट’ मागें कां पडला आणि ‘रन’ पुढें कां गेला, याचें कारण बव्हंशीं यंत्रांत आहे. ‘सेट’ हा ठेवण्याचा, मांडण्याचा, बसविण्याचा शब्द. ‘रन’ हा गतीचा. १५ सप्टेंबर १८३० रोजीं लिव्हरपूल व मँचेस्टर यांमध्यें आगगाडी सुरू झाली आणि या शब्दास लोखंडी रुळ मिळाले. पुढें कारखान्यांचीं यंत्रें, छापखाने, मोटारी, विजेचे पंखे, आणि अखेरीस संगणक. जें जें म्हणून निर्माण झालें तें तें इंग्रजींत ‘रन’ करूं लागलें. मराठी येथेंही चालतच राहिली, आणि संगणकावर प्रोग्राम चालवितात हें म्हणण्यांत कोणास कांहीं उणें वाटलें नाहीं. आगगाडीपुरती मात्र मराठीनें इंग्रजीची री ओढली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तिच्याविषयीं लिहितांना ‘धांवली’ असेंच लिहिण्याचा परिपाठ आहे, आणि तो शोभतोही. एकवीस मैलांची ती घोड्यांवांचूनची दौड पाहणाऱ्यांस धांवण्यासारखीच वाटली असेल. पण स्थानकांवरील ध्वनिक्षेपक जेव्हां ‘गाड्या वीस मिनिटें उशिरा धांवत आहेत’ असें सांगतो, तेव्हां मराठी कानास खटकतें. धांवत आहेत तर उशीर कां, असा प्रश्न कोणा आजीबाईनें विचारला तर तिला अडाणी म्हणतां येणार नाहीं.

क्रिकेटच्या ‘रन’ला मराठीनें ‘धांव’ हा जो शब्द दिला, तो मात्र पूर्णपणें यशस्वी झाला. त्यापासून धांवसंख्या, धांवफलक, धांवगति, धांवबाद असा मोठा परिवार वाढला. मूळच्या इंग्रजी खेळांतही ‘रन’ हा एकटाच शब्द नव्हता. अठराव्या शतकांत गुण मांडणारा मनुष्य एका काठीवर चाकूनें खांच पाडी, आणि त्या खांचेवरून ‘रन’लाच ‘नॉच’ म्हणत. बावीस वारांचें अंतर दोघांनीं धांवून ओलांडलें कीं एक खांच. पुढें सीमारेषा आली, आणि चेंडू तिच्यापार गेला कीं जागचें न हालतां चार धांवा मिळूं लागल्या. धांवल्यावांचून धांव मिळण्याचा हा चमत्कार दोन्ही भाषांनीं मुकाट्यानें गिळला.

निवडणुकीच्या बाबतींत खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतच फूट आहे. अमेरिकेंत उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडांत तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. मराठीनें इंग्लंडची बाजू घेतली आणि तिच्या मागून एक स्वतःचें पाऊल टाकलें. येथें उभा राहिलेला उमेदवार पुष्कळदां बसतो, आणि कित्येक वेळां त्याला बसवितात. ही सोय अमेरिकन इंग्रजींत नाहीं.

याच शब्दाचा एक अर्थ पैशाच्या व्यवहारांत फार भयंकर आहे. पेढींत ठेवलेले पैसे बुडणार, अशी हूल उठली कीं ठेवीदार एकदम ते काढून घेण्यास लोटतात, त्यास पेढीवरील ‘रन’ म्हणतात. फेब्रुवारी १७९७ मध्यें कांहीं फ्रेंच शिपाई वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्ड येथें उतरल्याची बातमी पसरली, आणि आधींच सोन्याची ओढ लागलेल्या बँक ऑफ इंग्लंडनें नोटांच्या बदल्यांत सोनें देणें थांबविलें. तें पूर्ववत् सुरू होण्यास १८२१ साल उजाडलें. त्या काळीं लोक खरोखरच पायांनीं धांवत. ९ मार्च २०२३ रोजीं अमेरिकेंतील सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवीदारांनीं एका दिवसांत ४,२०० कोटी डॉलर काढण्याची मागणी केली, आणि दुसऱ्या दिवशीं ती बँक बंद झाली. यांतील बहुतेकांनीं खुर्ची सोडली नव्हती. हातांतल्या यंत्रावर बोट दाबलें, इतकेंच. तरीही तो ‘रन’च.

वेढा फोडून माल पार करणें यासही हाच शब्द आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईशीं जुळतो. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धांत उत्तरेकडील राज्यांनीं दक्षिणेचीं बंदरें आरमारानें कोंडलीं. तेथील कापूस चोरून बाहेर काढणारीं चपळ जहाजें या नाकेबंदींतून ‘रन’ करीत. पण लँकेशायरच्या गिरण्यांस तेवढा कापूस पुरेना. म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपतांच १८६५ सालीं तो बाजार कोसळून मुंबईंतलीं पुष्कळ घरें बसलीं.

अव्ययें जोडून होणारे प्रकार तर विद्यार्थ्यांचा अंत पाहणारे आहेत. ‘रन डाउन’ म्हणजे घड्याळाची चावी उतरणें, प्रकृति खालावणें, गाडीनें माणसाला पाडणें, कोणाची निंदा करणें, किंवा पुष्कळ शोधानंतर एखाद्यास हुडकून काढणें. ‘रन ओव्हर’ म्हणजे भांडें भरून ओसंडणें, चाकाखालीं चिरडणें किंवा टिपणांवरून नजर फिरविणें. आणि नभोवाणीवरील वक्त्यानें ठरलेल्या वेळाहून अधिक बोलणें यासही तेंच म्हणतात. ‘रन आउट’ हा क्रिकेटांत धांवबाद. तिजोरींत पैसे संपणें. भाडेपट्ट्याची मुदत संपणें. येथें शब्दार्थ पाठ करून निभाव लागत नाहीं. वाक्यच्या वाक्य ऐकावें, कोणी कोणास केव्हां म्हटलें हें पाहावें, आणि वहींत शब्दाऐवजीं तें वाक्य उतरून घ्यावें. मरेनें आपल्या पत्र्याच्या खोलींत दुसरें काय केलें? तेथें येणाऱ्या चिठ्ठ्यांवर शब्दाबरोबर वाक्य हटकून असे.

हें सर्व केवळ परीक्षेंतल्या गुणांपुरतें नाहीं. २५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबिया देशाचें एक विमान न्यूयॉर्कजवळ पोंचलें. ॲव्हियान्का कंपनीचें तें बावन क्रमांकाचें उड्डाण होतें, आणि विमानांत १५८ माणसें होतीं. हवा खराब असल्यामुळें त्याला निरनिराळ्या ठिकाणीं मिळून सुमारें सव्वा तास आकाशांत घिरट्या घालीत ठेवण्यांत आलें. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. वैमानिकांची मातृभाषा स्पॅनिश. खालच्या नियंत्रकाशीं इंग्रजींतून बोलण्याचें काम सहवैमानिकाकडे होतें. त्यानें उंचीच्या हुकुमाचा स्वीकार करतां करतां जोडून सांगितलें कीं, इंधन ‘रनिंग आउट’ होत आहे.

व्याकरणाच्या दृष्टीनें या वाक्यांत चूक काढतां येणार नाहीं. परंतु त्याचा अर्थ ‘संपत चाललें आहे’ असाही होतो आणि ‘संपलेंच, आतां उरलें नाहीं’ असाही होऊं शकतो. प्रवासाच्या शेवटीं येणाऱ्या प्रत्येक विमानाचें इंधन पहिल्या अर्थानें संपत चाललेलेंच असतें. नियंत्रकाच्या कानावर तो पहिला अर्थ पडला. सहवैमानिकाच्या मनांत दुसरा होता. विमानाच्या कप्तानानें त्याला स्पॅनिशमधून ‘आणीबाणी आहे असें सांग’ म्हणून बजावलें होतें, पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला इंग्रजी शब्द नियंत्रकापर्यंत गेलाच नाहीं. विमानाला आणखी एक लांबचा वळसा देण्यांत आला. त्या वळशांत एकामागून एक इंजिनें बंद पडलीं आणि विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक या गांवीं टेंकडीवर आदळलें. ७३ माणसें मेलीं. आग लागली नाहीं. पेटण्यास टांक्यांत कांहीं उरलेंच नव्हतें.

चौकशींत दोष अनेकांकडे गेला. हवामान, इंधनाचा हिशेब, नियंत्रकांमधील निरोपांची देवाणघेवाण, सर्वांचा त्यांत भाग होता. एका क्रियापदावर सगळें खापर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि विमानाच्या चालकांनीं आपली इंधनाची आणीबाणी स्पष्ट शब्दांत जाहीर केली नाहीं, हें कारण चौकशी-मंडळानें पुढें मांडलें. विमानोड्डाणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आतां यासाठीं दोन ठराविक बोल नेमून दिलेले आहेत. इंधन जेमतेम आहे आणि यापुढें उशीर सोसणार नाहीं, अशा वेळीं ‘मिनिमम फ्युएल’ म्हणावयाचें. आणि प्रसंग प्राणावर बेतला तर ‘मेडे’ हा शब्द तीनदां उच्चारून पुढें ‘फ्युएल’ म्हणावयाचें. या दोहोंतही क्रियापद घातलेलें नाहीं.